नणंदेचा ठेका

ऑक्टोबर आला की माझी बोटं चिडतात. पाऊस संपलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो आणि मधल्या त्या दिवसांत अंधेरीची हवा ओल्या फडक्यासारखी अंगाला चिकटून बसते. दुपारची कामं आटोपून मी पियानोचं झाकण उघडते. पट्ट्यांवर हात ठेवला की घामाने बोट शेजारच्या पट्टीवर घसरतं आणि त्या चुकीच्या सुराबरोबर माझ्या नणंदेचा आवाज कानात येतो. "पूस. पुन्हा पहिल्यापासून." त्या आवाजाचा मला आजही राग येतो. खिडकीबाहेर चिंचेच्या जागी आता काचेची इमारत आहे, मी स्वतः आजी झाले आहे. राग मात्र त्या वर्षीचाच आहे, ताजा.

आमचं भांडण मिटलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते. असं काही लिहायला घेतलं की शेवटी दोघी बायका गळ्यात गळा घालून रडतील, असं वाचणाऱ्याला वाटत राहतं. आम्ही रडलो नाही. रेजिना माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. गावठाणात सगळे तिला रेजीबाय म्हणत, म्हणून मीही म्हणते. आता ती बोरिवलीला मुलाकडे राहते. आम्ही लग्नाला आणि मयतीला भेटतो. ती माझ्या हातच्या जेवणाला नावं ठेवते, मी तिच्यादेखत तिच्या सुनेची बाजू घेते. दोघींचीही तब्येत त्यामुळे बरी राहते.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं होती ती. मी गोराईची. खाडी ओलांडून अंधेरीच्या या गावठाणात सून म्हणून आले, ते एका थापेच्या जोरावर. शाळेतल्या सिस्टरनी मला चार भक्तिगीतं वाजवायला शिकवली होती, उजव्या हाताने, ऐकून ऐकून. माझं लग्न जमवणाऱ्या मावशीने मायच्या देखत त्याचं करून टाकलं, "पोरगी पियानो वाजवते." माझे सासरे पूर्वी चर्चच्या गायनमंडळाचे प्रमुख होते. घरात त्यांच्या वडिलांनी घेतलेला पियानो होता, काळा, जड, पाठीमागे वाळवी लागू नये म्हणून भिंतीपासून हातभर पुढे ओढून ठेवलेला. मावशीचं ते वाक्य ऐकून त्यांनी होकार दिला. मुलगी बघायला आले तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे कमी आणि बोटांकडे जास्त बघितलं, हे माझ्या मायने नंतर सांगितलं.

लग्नाला वर्ष होत आलं आणि रेजीबायचं लग्न ठरलं. मुलगा मानखुर्दचा, गल्फला नोकरीला. तारीख नाताळानंतरची, जानेवारीतली. त्याच संध्याकाळी सासऱ्यांनी जेवताना सांगून टाकलं की मुलगी परक्या घरी जाईल, पियानो जाणार नाही. तो सुनेने वाजवायचा. आणि लग्नाच्या मांडवात नवरानवरीचा पहिला नाच बँडवर नाही, आपल्या पियानोवर होईल. सगळ्या गावाला दिसलं पाहिजे की या घरातलं संगीत बंद पडलेलं नाही. आजवर तो रेजी वाजवत आली, तिनेच तोवर सुनेला तयार करावं. एवढं बोलून त्यांनी माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला. आम्हा दोघींपैकी कुणालाही त्यांनी काही विचारलं नाही. रेजीबाय उठून गेली. मी तिचं ताट उचललं, त्यात भात तसाच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला स्टुलावर बसवलं आणि येतं ते वाजवायला सांगितलं. मी माझं सगळ्यात आवडीचं भक्तिगीत वाजवलं. ती माझ्या मागे उभी होती. संपल्यावर ती पुढे आली. मग म्हणाली, "हे वाजवणं नाही. हे उतारावरून पडणं आहे."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मला सोपी ओळ आली की हात सुटायचे, आपलं आपलं पळायचे. अवघड ओळ आली की तेच हात चिखलात रुतल्यासारखे व्हायचे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. मला वाटायचं, मी भावनेने वाजवते. रेजीबायने ती भावना पहिल्याच आठवड्यात झाडून काढली. नाचाचा जो वॉल्ट्झ ठरला होता, तो तीनच्या ठेक्यातला. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, पहिल्यावर वजन. तिने उजवा हात वाजवायचाच नाही असं सांगितलं. नुसता डावा, नुसता ठेका, आणि तोंडाने मोठ्याने मोजायचं. सूर नाही, गाणं नाही. दळण दळावं तशी मी दुपारभर बसायची. घसा सुकायचा. पाणी प्यायला उठले की ती म्हणायची, "नाचणाऱ्यांना सांगशील का, थांबा, मला तहान लागली?"

घरात मेट्रोनोम होता. टकटक करत काळ मोजणारं ते लाकडी यंत्र मी कपाटातून काढून पियानोवर ठेवलं. तिने उचलून परत कपाटात ठेवलं आणि किल्ली कमरेला लावली. म्हणाली, त्याच्या बोटाला धरून चालायला शिकलीस तर तो नसताना तोंडावर आपटशील.

मी घरातली कामं बिघडवून सूड घ्यायची. ती तोंडली खात नाही, म्हणून मी तोंडली करायची. तिची आंघोळ व्हायच्या आत बंबातलं गरम पाणी संपलेलं असायचं. तिने माझ्या चहात मीठ घातलं की मी तो तिच्यासमोर, तोंड वाकडं न करता, शेवटपर्यंत प्यायची. माझा नवरा आल्विन मरोळच्या एका कारखान्यात होता. संध्याकाळी घरी आला की तो आधी दारातून आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघायचा आणि मग ठरवायचा, आत यायचं की कोपऱ्यावर कॅरम खेळायला जायचं. बहुतेक वेळा कॅरमच.

नवरात्र आलं. रस्त्यापलीकडच्या सोसायटीत गरबा सुरू झाला. कर्णा आमच्याच खिडकीकडे तोंड करून बांधलेला, दुपारपासूनच त्यावर गरब्याची गाणी लागायची. माझा तीनचा ठेका आणि त्यांची टाळी यांची टक्कर व्हायची आणि दरवेळी मीच हरायची. माझे हात नकळत त्यांच्याबरोबर नाचायला लागायचे. मी खिडकी लावायला उठले तर रेजीबायने खिडकीच्या दोन्ही झडपा सताड उघडल्या. पडदाही बाजूला केला. "बाहेरचं बाहेर राहू दे," म्हणाली. "त्याला अडवायला जाऊ नकोस. तुझा पहिला ठोका ऐक, बाकी सगळं त्याच्यामागून येतं." मला तेव्हा ती वेडी वाटली. तिने ते वाक्य समजुतीने सांगितलं असतं तर कदाचित लवकर कळलं असतं. पण ती समजुतीने बोलायची नाही. भिंतीला खिळा ठोकावा तशी बोलायची.

मला पुढे पुष्कळ लोक भेटले, संगीताबद्दल गोड बोलणारे. मन मोकळं करा, सुरांत हरवून जा, असं सांगणारे. त्यांच्यातल्या एकाचाही मला काडीचा उपयोग झाला नाही. मी मुळात हरवलेलीच होते. मला जागेवर आणून उभं करणारं कुणीतरी हवं होतं, आणि जागेवर उभं करायला माणसाला धरावं लागतं, घट्ट, दुखेल असं. हे मी तिची बाजू घेऊन सांगत नाही. जे झालं ते सांगते.

तिने कुठली ओळ मला सगळ्यात जड जाते ते शोधून काढलं. वॉल्ट्झच्या मध्यावर डाव्या हाताला लांब उडी होती, पार खालच्या सुरावरून वर. तिथे मी हमखास अडखळायची. तिने सांगितलं, ही ओळ ज्या चालीने, म्हणजे ज्या वेगाने, न चुकता वाजेल, तीच चाल पूर्ण तुकड्याला. त्या चालीने वॉल्ट्झ इतका संथ झाला की तो वॉल्ट्झ वाटेना. सासरे व्हरांड्यात पेपर वाचत असायचे. आतून ते रडतखडत वाजणं ऐकून ते चपला घालून बाहेर जायचे. एकदाही आत येऊन बसले नाहीत. रात्री जेवताना विचारायचे, काय, कुठवर आलं? रेजीबाय उत्तर द्यायची नाही. मग मी म्हणायची, चाललंय.

मग तिने नवा प्रकार काढला. मी वाजवत असताना ती माझ्याशी बोलायची आणि मी ठेका न सोडता उत्तर द्यायचं. सुरुवातीला साधं विचारायची. बाजारातून काय आणलंस, पाव किती उरलेत. माझा हात लगेच लंगडायचा. हळूहळू जमायला लागलं. जमायला लागलं तसे तिचे प्रश्न तिखट झाले. माझ्या गोराईच्या घरावरून, माझ्या बोलण्यावरून, मला अजून दिवस गेले नाहीत त्यावरून. त्या शेवटच्या प्रश्नाला मी उठून गेले होते आणि दोन दिवस पियानोला शिवले नव्हते. सासऱ्यांनी हाक मारून पुन्हा बसवलं.

नोव्हेंबरातली एक दुपार. मी वॉल्ट्झ वाजवत होते, दोन्ही हातांनी, नाचाच्या खऱ्या चालीत. रेजीबाय खिडकीशी टेकून उभी होती. बाहेर बघत, जणू भावाला निरोप सांगतेय अशा सहज आवाजात ती म्हणाली, "तुझ्या मायने खोटं बोलून पोर खपवली आमच्याकडे."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. कानशिलं तापली. पूर्वी असा राग आला की माझे हात पळायचे, किंवा मीच पळायची. त्या दिवशी मी हलले नाही. मला वाटलं, आत्ता थांबले किंवा धावले तर हीच जिंकणार. डावा हात पडत राहिला. एक-दोन-तीन. ती लांब उडी आली आणि गेली, मला कळलंही नाही. राग तसाच होता, उलट वाढत होता, पण तो हातात उतरला नाही. पायाशी कुठेतरी उभा राहिला, माझं संपायची वाट बघत. शेवटचा सूर पूर्ण तीन मात्रा धरला, सोडला, आणि उठले.

"माझ्या मायचं नाव पुन्हा काढलंस ना," मी म्हटलं, "तर हा पियानो मी अंगणात नेऊन जाळीन. तुझ्या बापासमोर."

रेजीबाय खिडकीपासून बाजूला झाली. मग म्हणाली, "आज धावली नाहीस."

बस, एवढंच. माफी नाही, काही नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि मी पियानोचं झाकण लावलं. तिने ते मुद्दाम केलं की मनापासून म्हणाली, हे मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही. मला वाटतं दोन्ही.

त्या रात्री मी आल्विनला सगळं सांगितलं. तो छताकडे बघत पडला होता. म्हणाला, तिचं मनावर घेऊ नको. मग त्याने जे सांगितलं ते घरात मला कुणीच सांगितलं नव्हतं. मी यायच्या आधी रेजीला जवळच्याच एका शाळेने बोलावलं होतं, मुलांना पियानो शिकवायला. तिला जायचं होतं. लग्नच करायचं नव्हतं तिला, शिकवायचं होतं. बाबा म्हणाले, आमच्या घरची पोर लोकांच्या पोरांची बोटं धरत बसणार नाही. तिने खूप भांडून पाहिलं. मग गप्प झाली. मग मी आले. पियानो वाजवणारी सून.

तिची कीव आली का मला? नाही आली. कीव आली असती तर बरं दिसलं असतं, पण नाही आली. एवढंच झालं की तोवर मला वाटत होतं तिचा राग माझ्यावर आहे. आता दिसलं की माझ्या अंगावरून तो पलीकडे कुठेतरी जात होता, आणि मी वाटेत उभी होते म्हणून मला लागत होता. लागायचं काही थांबलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी जरा वेगळी बसले. पाठ ताठ करून. तिनेही मायचं नाव पुन्हा काढलं नाही. बाकी सगळं काढलं.

डिसेंबरात हवा कोरडी झाली. नाताळचे कुलकुल, ते शिंपल्यासारखे वळून तळलेले गोड तुकडे, करायला आम्ही एकाच टेबलाशी बसायचो, जेवायच्या काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून वळायची आणि ताटात टाकायची. तासन्‌तास एक शब्द नाही. शेजारची बाई डोकावून म्हणाली, नणंद-भावजय किती शांतपणे काम करतात. आम्ही दोघींनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं की ती पुन्हा आली नाही.

लग्नाच्या दिवशी सहा माणसांनी पियानो उचलून मांडवात आणला. शहाबादी फरशीवर खाली फळ्या घालून ठेवला. संध्याकाळ होती, माळा लागल्या होत्या, सगळं गावठाण लोटलं होतं. मानखुर्दची मंडळी एका बाजूला बसली होती. माझी बोटं थंडीने आणि भीतीने काठीसारखी झाली होती. रेजीबाय पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळी, चर्चमधून येऊन उभी राहिली. नाचाआधी ती पियानोपाशी आली आणि झाकणावर हात ठेवून खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला नाचता येत नाही. तू त्याच्यासाठी थांबू नकोस."

मी सुरुवात केली. पहिल्या काही फेऱ्या ठीक गेल्या. नवरदेव पाय मोजत होता. मग खुर्च्यांमधून कुणीतरी टाळ्या धरल्या. काका मंडळी प्यायलेली होती. टाळी सगळीकडे पसरली आणि माणसं एकत्र टाळ्या वाजवायला लागली की व्हायचं तेच झालं, टाळीचा वेग वाढत चालला. नवरदेव बिचारा टाळीबरोबर गेला. त्याचा पाय तिच्या झग्यावर पडला. लोक हसले. माझे हात ओढले जात होते, मला ते दंडापर्यंत जाणवत होतं. सगळा मांडव एका बाजूला धावत होता.

तेवढ्यात मला तिची टाच ऐकू आली. शहाबादीवर, पहिल्या मात्रेवर, आणि पुन्हा पहिल्या मात्रेवर. तिने नवऱ्याच्या खांद्याला धरून त्याला जवळजवळ जागेवर थांबवलं होतं आणि ती माझ्या चालीत फिरत होती. मी डाव्या हाताचा पहिला सूर आणखी वजनाने टाकला. ती टाच तिथेच पडली. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती. टाळ्या पुढे पळत राहिल्या, मग विस्कटल्या, मग एकेक करून बंद पडल्या, आणि ज्या उरल्या त्या आमच्या ठेक्यात आल्या. नवरदेवाचे पायही आले. ती लांब उडी मी वाजवली. शेवटचा सूर धरला, मोजला, सोडला.

लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. सासरे उठून माईकपाशी गेले. डोळे भरून आले होते त्यांचे, खोटं नाही सांगत. त्यांनी वडिलांची आठवण काढली, पियानोची काढली. मग माझ्याकडे हात करून म्हणाले की ही पोर आली तेव्हा हिला काही येत नव्हतं, मी स्वतः रोज शेजारी बसून हिला घडवलं.

रेजीबाय तिथून दोन हातांवर उभी होती. तिने आवाज चढवला नाही, पण मांडव शांत होता आणि सगळ्यांना ऐकू गेलं. "बाबा, तुम्ही नाही. मी शिकवलं. शाळेतल्या मुलांनाही शिकवलं असतं."

सासरे हसले. हो हो, तिनेही मदत केली, असं काहीतरी म्हणाले आणि बँडवाल्यांना खूण करायला वळले. रेजीबायने माझ्याकडे बघितलं. तिने सांग म्हटलं नाही. त्या नजरेत विनंती नव्हती, प्रेम तर नव्हतंच. पट्टी चुकली की बघायची तशीच बघत होती, आता काय करतेस म्हणून. मी स्टुलावरून उठले. माझं लग्न होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं, समोर सगळं गाव होतं आणि मानखुर्दचे पाहुणे होते.

"बाबा एकदाही येऊन बसले नाहीत," मी म्हटलं. "रेजीबायनेच शिकवलं."

आल्विनने डोळे मिटून घेतले. सासऱ्यांचा हात माईकवर तसाच राहिला. मग बँड सुरू झाला आणि लोक नाचायला उठले.

निघताना रेजीबाय सगळ्यांच्या गळ्यात पडली. बापाच्याही पडली. माझ्यासमोर आली तेव्हा हात पुढे केला आणि म्हणाली, "मधल्या ओळीत डावा हात जास्त दाबलास." मी म्हटलं, "मुद्दाम दाबला." तिने मान हलवली आणि टॅक्सीत बसली.

सासरे माझ्याशी पुष्कळ दिवस बोलले नाहीत. पुढे हळूहळू बोलायला लागले, चहा दे, औषध आण, असं. एका रविवारी संध्याकाळी ते पियानोजवळच्या खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, वाजव काहीतरी. मी पीठ मळत होते. हात पिठाचे आहेत, म्हटलं. पुढच्या रविवारी भांडी होती. नंतर पोरं झाली, मग सबबी शोधाव्या लागल्या नाहीत. ते प्रार्थनेला गेले की मी बसायची, फाटकाची कडी वाजली की झाकण लावायची. ते व्हरांड्यातून आत यायचे, खुर्चीत बसायचे, झाकणावरून हात फिरवायचे आणि पाहुण्यांना सांगायचे की हा आमच्या घराण्याचा पियानो, अजून वाजतो.

बरीच वर्षं जगले ते. पियानो शेवटपर्यंत घरातच राहिला, त्यांना हवा होता तसा. त्यांना मात्र तो पुन्हा ऐकू आला नाही.